सहा कोअरची वज्री

सातपूरच्या आमच्या त्या दोन खोल्यांत कुणी हळू बोलल्याचं मला आठवत नाही. हळू बोलून उपयोगच नव्हता. पुढच्या खोलीत आईची घरघंटी होती, आणि सकाळी सातला ती एकदा घरघरायला लागली की दुपारच्या जेवणापुरता दम खायची, की पुन्हा सुरू. अख्ख्या गल्लीचं दळण आमच्याकडे. डब्यांची रांग दारापासून जिन्यापर्यंत, आणि प्रत्येक डब्यावर खडूनं नाव. आई आत भाकरी थापत असली तरी नुसत्या आवाजावरून ओरडायची, "अमोल, बाजरी संपत आली, डबा काढ!" गहू गातो आणि बाजरी भांडते, असं तिचं शास्त्र होतं. या गदारोळात वाढल्यामुळे मी आजही फोनवर बोललो की पलीकडचा माणूस फोन हातभर लांब धरतो. माझी मुलगी म्हणते, "पप्पा, तुम्हाला फोनची गरजच नाही, खिडकी उघडून बोला."

पीठ तर विचारू नका. पीठ हवेत असायचं, चहात असायचं, देवांच्या तसबिरींवर असायचं. बाहेरून येणाऱ्याला आमचं सगळं घराणं जन्मतः गोरं वाटायचं. पावसात भिजलो की खरा रंग दिसायचा. एकदा पाहुणे बहिणीला बघायला आले, तेव्हा मुलाच्या आईनं तिचा हात हातात घेतला आणि तिच्या स्वतःच्याच हाताला पीठ लागलं. पण त्या पिठाचा वास, गिरणीतून नुकत्याच पडलेल्या कोमट पिठाचा, तो मात्र मला अजून कुठे मिळालेला नाही. नामपूरहून आत्या यायची ती कळण्याचं दळण घेऊन, ज्वारी आणि अख्खे उडीद. ते पीठ इतकं बारीक उडायचं की गिरणीजवळ बसलेल्या माणसाला शिंका देता देता भूक लागायची. मग कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल, ठेचा. जाऊ द्या. मला सांगायचंय ते वेगळंच.

सांगायचंय ते कॉम्प्युटरचं. तो घरघंटीला खेटून, एका जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर होता, कारण घरात वायर खुपसायला दणकट प्लग त्या एकाच भिंतीला होता. माझी गिअरची सायकल विकून मी तो जुनाच घेतला होता. पहिले सहा महिने पठ्ठ्या पळाला. मग त्याला काय झालं कुणास ठाऊक, तो अडखळायला लागला. नुसता अडखळायचा म्हणाल तर तसं नाही. खेळातल्या माझ्या माणसानं भिंतीवरून उडी मारली की मी जेवून यायचो, हात धुवायचो, तरी तो खाली आलेला नसायचा. शत्रूनं गोळी झाडली ती सोमवारी, आणि मी मेल्याचं मला कळायचं ते गुरुवारी.

आमची चौघांची टीम होती. तिचा म्होरक्या निशांत गंगापूर रोडला राहायचा. त्याच्या कॉम्प्युटरच्या आत निळे-जांभळे दिवे लुकलुकायचे. गणपतीच्या आरासीत ठेवला असता तर पहिलं बक्षीस घेऊन आला असता. आमची टीम एका ऑनलाइन स्पर्धेत उतरली होती आणि पहिली फेरी शनिवारी संध्याकाळी पाचला होती. निशांतनं सोमवारीच मला हेडफोनमधून झापलं.

"अम्या, तू टीममध्ये आहेस की प्रेक्षक? मी मदत मागतो आणि तू पुतळा होतोस."

"मी काय करू? मशीन अडकतं रे. माझा नेम चांगलाय, तुला माहितीये."

"नेम कुणी बघितलाय? शनिवारपर्यंत मशीन सरळ कर, नाहीतर चौथा माणूस माझ्याकडे तयार आहे."

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माणसाला काय हवं असतं? मला त्या चौघांतला चौथा व्हायचं होतं, बस. दुसऱ्या कशातच मी कुणाच्या मोजणीत नव्हतो. बारावीत गुण साधारण, क्रिकेटमध्ये बाराव्या नंबरचा, घरात डबे काढणारा. ती एक जागा होती आणि ती मला त्या डबड्यापायी घालवायची नव्हती.

तेव्हा ठरवलं की प्रोसेसर बदलायचा. आता प्रोसेसर म्हणजे पारले बिस्किटाएवढा तुकडा, पण त्याच्यावर मी जेवढा अभ्यास केला तेवढा बारावीला केला असता तर आज कलेक्टर असतो. निळ्या कंपनीचा घ्यायचा तर बोर्ड, म्हणजे तो ज्यात बसतो ती आतली पाटी, बदलावा लागणार. लाल कंपनीचा घ्यायचा तर जुन्याच बोर्डात बसतो म्हणत होते, पण त्यात पुन्हा चार कोअरचा, म्हणजे चार डोक्यांचा, नवा की सहा कोअरचा जरा आधीचा? एक व्हिडिओ बघितला की वाटायचं चारच पुरे. दुसरा बघितला की वाटायचं, चार कोअरवर जगणाऱ्या माणसाला लाज वाटायला हवी. एका व्हिडिओतला माणूस तर म्हणाला, "थोडं थांबा, दोन महिन्यांत नवीन येतोय." त्या माणसाचा मला आजही राग आहे. मी आईच्या दळणाच्या वहीच्या मागच्या पानावर तक्ते काढले. आईनं ती वही उघडून एका बाईला मोठ्यानं विचारलं, "तुमचे सहा कोअर गहू होते का हो?"

वडील एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. बोलणं कमी, आणि बोलले की मशीनबद्दलच. त्यांनी दोन दिवस माझी तळमळ बघितली आणि जेवताना म्हणाले, "बिघाड काय आहे?"

"पप्पा, प्रोसेसर कमी पडतोय."

"कशावरून?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांनी उघडून बघितलं का? आमच्याकडे पार्ट बदलायच्या आधी मशीन पुसतात. आधी पुसून बघ. बिघाड आपोआप दिसतो."

मी मनात म्हटलं, झालं! इथे सहा कोअर, बारा थ्रेडची चर्चा चाललीय आणि हे गृहस्थ फडकं घेऊन निघालेत. मी आत्याकडे बघितलं. ती गुडघ्याच्या इलाजासाठी महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. मला वाटलं ती तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "तुना बाप बराबर सांगस. मन्हा गुडघालेबी आधी शेकीन दखा म्हणे डॉक्टर."

बुधवारी मी साठवलेले सगळे पैसे मोजून एम. जी. रोडवरच्या दुकानातून सहा कोअरचा आणला. छोटा खोका, आत त्याचा स्वतःचा नवा पंखा. गुरुवारी सकाळी आई अंघोळीला गेल्यावर कॉम्प्युटर उघडला. जुना पंखा काढला. तो पांढऱ्या रंगाचा होता. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.) तो वडिलांच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवला. जुना प्रोसेसर अलगद उचलला, खाली हजारावर सोन्यासारख्या काड्या चमकत होत्या. त्यांना धक्का लागू नये म्हणून एका फाटक्या बनियनमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवला. नवा बसवला, त्याची उष्णता पंख्याकडे पोचवणारी पेस्ट लावली, पंखा घट्ट केला, बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळा.

पुन्हा दाबलं. काळा. सगळं काढून पुन्हा बसवलं. काळा. मी देवाचं नाव घेऊन दाबलं, शिवी देऊन दाबलं, डोळे मिटून दाबलं. अमावास्येला सुद्धा त्या पडद्यापेक्षा जास्त उजेड असेल. शेवटी दुकानदाराला फोन लावला.

"बोर्ड जुना आहे ना तुमचा?" तो शांतपणे म्हणाला. "मग तो नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. आधी जुना लावा, बोर्डाला अपडेट द्या, मग नवा बसवा. जुन्या भाडेकरूनं चावी दिल्याशिवाय नवा आत कसा शिरणार?"

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुठे विचारलं? तुम्ही तर मलाच अर्धा तास माहिती देत होता."

"मग परत घ्या."

"खोका फोडल्यावर परत नाही."

"निदान तुमच्याकडचा एखादा जुना प्रोसेसर तासभर..."

"तुमच्याएवढा जुना? तो म्युझियममध्ये बघा, दादा."

ठीक आहे म्हटलं, जुना आहेच की घरात. टेबलाकडे वळलो तर टेबल स्वच्छ. बनियन नाही. इथे आमच्या आईचा एक कायदा सांगायला हवा. नवीन वस्तू घरात आली की जुनी त्याच दिवशी घराबाहेर. नवं पातेलं आलं की जुनं गेलं. नवी चादर आली की जुनी बोहारणीच्या गाठोड्यात. "दोन खोल्यांत माणसं ठेवू की सामान?" असं ती म्हणायची, आणि या कायद्याला अपील नव्हतं. मी फोनवर भांडत होतो तेवढ्या वेळात दारात बोहारीण येऊन गेली होती आणि ओट्यावर एक नवी कोरी स्टीलची चाळणी चमकत होती.

"आई! बनियन कुठंय?"

"दिलं. भोकं होती त्याला."

"त्यात प्रोसेसर होता!"

"मग बनियनमध्ये कशाला ठेवायचा? वस्तूची जागा असते काही!" आणि मग जरा खालच्या आवाजात, म्हणजे घरघंटीच्या वरच पण आईच्या मानानं खाली, "लागणार होता का रे?"

शुक्रवारी मी त्या बोहारणीला शोधायला निघालो. ती भद्रकालीत जुन्या कपड्यांच्या बाजारात बसते एवढंच आईला माहीत होतं. तिथे गेलो तर बायकांच्या पुढे कपड्यांचे डोंगर. चामर लेणीचा डोंगर त्यापुढे टेकाड वाटावा. आणि मी प्रत्येकीला विचारतोय, "मावशी, फाटकं बनियन आलं का?" चार जणींनी मला बनियन विकायचा प्रयत्न केला. पाचवीनं माझ्याकडे दयेनं बघून फुकट देऊ केलं. शेवटी आमची बाई सापडली, चहा पीत होती.

"चाळणीवाल्या वहिनींचा पोरगा ना तू? काय झालं, चाळणी गळते?"

"चाळणी गळणारच मावशी. मला माझं बनियन पाहिजे."

तिनं गाठोडं सोडलं, बनियन काढलं आणि माझ्यासमोर झटकलं. पीठ उडालं. बाकी काही नाही. "देवाशपथ सांगते, यात काहीच नव्हतं. मी प्रत्येक कपडा झटकून घेते, लोक खिशात काय काय विसरतात. एकदा कवळी सापडली होती. परत नेऊन दिली." मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बनियन माझ्या हातात ठेवलं. "ने बाबा. एवढा जीव होता तर आईला सांगायचं."

ते बनियन हातात घेऊन मी भर दुपारी बसस्टॉपवर उभा होतो आणि तेवढ्यात निशांतचा फोन. "झालं का मशीन?" मी म्हटलं, "झालंच समज." फोन ठेवला आणि त्या बनियननं घाम पुसला. एवढाच त्याचा उपयोग. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं की गोदावरीत उडी मार, तर मी फक्त एवढंच विचारलं असतं की चार कोअरनं मारू की सहा.

घरी आलो, पाय धुवायला न्हाणीघरात गेलो. साबणाच्या कोनाड्यात, वडीच्या शेजारी, काहीतरी सोनेरी चमकलं. उचललं. माझाच प्रोसेसर. ओला. काड्यांमध्ये साबणाचा फेस आणि काहीतरी करडं अडकलेलं, ते काय होतं हे मी आजही स्वतःला सांगत नाही.

"आत्या!"

ती भिंतीला धरून आली. "काय शे रे भो?"

"हे इथे कसं आलं?"

"ती मन्ही वज्री शे ना. त्या फाटेल बनियनमां सापडनी. चौकोनी शे, काटा शेतस, माले वाटनं तूच आणी दिधी." टाचा घासायची वज्री! बाजारात घेतलेली तिची पितळी वज्री नामपूरला राहिली होती, आणि आठवडाभर ती टाचांच्या भेगांनी कुरकुरत होती. "पण भलती नरम शे," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "एक दिनमां काटा आडा पडी ग्यात. फशाडं तुले दुकानदारनी."

मी ओरडलो की रडलो ते आठवत नाही. आईनं घरघंटी बंद केली, म्हणजे बघा. भर दुपारी, दळण आत असताना.

शनिवारी वडिलांची कारखान्याची सुट्टी.  वाळवून ठेवलेला प्रोसेसर त्यांनी उचलला, डोळ्याला भिंग लावलं आणि खिडकीशी बसले. दीडशेच्या वर काड्या वाकल्या होत्या. काही तर अशा आडव्या झालेल्या जशा गारांत सापडलेल्या गव्हाच्या ओंब्या. त्यांनी टूलरूममधली बारीक शिशाची पेन्सिल घेतली आणि शिसं काढून टाकलं. तिच्या पोकळ टोकात एकेक काडी बरोबर शिरत होती. शिरली की जराशी उभी करायची. पुढची. जराशी उभी. चहा आला, थंड झाला. मी शेजारी बसून घड्याळ बघत होतो, दहा, अकरा, साडेबारा. आत्या पलीकडे पलंगावर तोंड फुगवून बसली होती आणि दर पंधरा मिनिटांनी विचारत होती, "ऱ्हायन्यात का बहु?" वडिलांनी मान वर केली ती दोन वाजता.

"दोन काड्या नुसत्या श्वासावर उभ्या आहेत. एकदा बसवला की पुन्हा काढायचा नाही. काढलास तर हातात येतील."

"पप्पा, पण मग अपडेट देऊन नवा..."

"आधी हा चालू दे." मग त्यांनी हत्यारांच्या पेटीवरचा जुना पंखा उचलला, उलटा केला आणि जमिनीवर आपटला. एकदा. दोनदा. आतून एक आख्खा, जाड, पांढरा थर अखंड निसटून फरशीवर पडला. कळण्याचं पीठ, बाजरी, गहू, सगळ्या गल्लीचं दळण थरावर थर. ओलं करून तव्यावर टाकलं असतं तर चौघांची न्याहरी झाली असती. आणि खालून पंखा निघाला काळा. कुळकुळीत काळा. माझ्या समजुतीप्रमाणे जन्मतः पांढरा असलेला.

वडिलांनी नवा प्रोसेसर काढून खोक्यात ठेवला आणि जुना बोर्डात बसवला. ब्रश घेतला, पंख्याची पाती पुसली, राखाडी पेस्ट लावली, पंखा चढवला. बटण दाबलं. पडदा उजळला.

आणि खेळ कसा पळाला म्हणता! माझ्या माणसानं उडी मारली आणि तो त्याच क्षणी खाली आला. मला वाटलं काहीतरी चुकलंय. इतके दिवस तो बिचारा जुना प्रोसेसर पिठात गुदमरून, तापून, हळूहळू चालत होता, एवढंच. त्याच्या ताकदीचं काही कमी नव्हतं. माझी सायकल गेली होती त्याच्यात, आणि आता नव्याचे पैसेही गेले होते. वडील म्हणाले, "चाललं ना? मग चालत्या मशीनला हात लावायचा नाही." मी अपडेटचा विषय पुन्हा काढला नाही. मधेच लाईट गेली तर बोर्ड कायमचा मुका होतो असं मी वाचलं होतं, आणि आमच्या गल्लीची लाईट आत्याच्या गुडघ्यासारखी, कधी दगा देईल सांगता यायचं नाही.

पाच वाजले. आईनं घरघंटी बंद ठेवली होती. बाहेर दळणाच्या बायका डबे घेऊन उभ्या आणि ती त्यांना दारातच सांगत होती, "थांबा जरा, अमोलची परीक्षा चाललीय." वडील खिडकीपाशी भिंग पुसत बसले. कानात निशांत ओरडला, "वा अम्या! मशीन एकदम लोणी! कोणता घेतलास?"

मी वडिलांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणालो, "सहा कोअरचा."

पाठ हलली नाही.

खेळ सुरू झाला. पहिल्या मिनिटाला समोरचा माणूस दारातून आला, मला लख्ख दिसला, एकही झटका नाही, एकही अडथळा नाही. मी नेम धरला, गोळी झाडली. भिंतीला लागली. दुसरी झाडली. दुसऱ्या भिंतीला लागली. त्यानं एकच झाडली. चौघांत सगळ्यात आधी मी मेलो. पुढच्या डावातही मीच. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी अगदी स्पष्ट, सुरेख, न अडखळता मेलो. अर्ध्या तासात आम्ही स्पर्धेबाहेर होतो.

 हेडफोनमध्ये निशांत, ओरडला नाही, हळूच म्हणाला, "मशीन तर झकास चाललं रे. मग?"

मी हेडफोन काढून ठेवला. पहिल्यांदाच घरात एवढी शांतता होती आणि ती कुणीतरी मोडावी असं मला वाटत होतं. वडील वळले. मला वाटलं, आता ते म्हणणार, पुसून बघ, बिघाड आपोआप दिसतो. ते वाक्य माझ्या डोक्यात इतक्या मोठ्यानं वाजत होतं की त्यांना म्हणायची गरजच उरली नव्हती. त्यांनी ते म्हटलं नाही. फरशीवरचा तो पिठाचा थर कागदावर घेतला, बाहेर चिमण्यांना टाकला आणि आईला म्हणाले, "चालू कर गिरणी. बायका खोळंबल्यात."

घरघंटी घरघरली. गहू गायला लागला. आणि त्या आवाजाच्याही वर, न्हाणीघरातून आत्याची हाक आली, "अमोल भो! मन्ही वज्री ली लिधी तुम्ही, आते मी टाचा कसावरी घासू?"

मी उठलो. खोका उघडला. सहा कोअर, बारा थ्रेड, एकही काडी वाकडी नाही. तुम्हाला खोटं वाटेल. माझ्या बायकोला अजून खोटंच वाटतंय. पण मी न्हाणीघराच्या दारातून हात आत घातला आणि तो तिच्या ओल्या हातावर ठेवला.

"हाई जास्ती भारी दिसस," ती आतून म्हणाली. "नवी शे का?"

"नवी आहे, आत्या. सावकाश घास."